सिद्रामप्पांची राखीव सीट

लेकरू दिसलं की माणसं नाव विचारतात, कितवीत आहेस विचारतात. आमचे सिद्रामप्पा काठी काढतात. मारायला नव्हे, मोजायला. वेळूची सरळ काठी, साडेचार फुटावर लाल टेप गुंडाळलेली. ती लेकराच्या पाठीशी उभी करायची, डोक्यावर तळहात आडवा धरायचा, आणि हात टेपच्या खाली राहिला की लेकराच्या बापाकडं वळून निकाल द्यायचा, "हाफ हाय. पाट लागंल."

बापानं "कसला पाट?" असं विचारलं, की त्याचा अर्धा तास गेला म्हणून समजा.

मोटारीत मागच्या सीटवर ठेवून लेकराला उंच बसवायची एक बैठक मिळते. दुकानवाले तिला बूस्टर सीट म्हणतात. अप्पा तिला पाट म्हणतात. जेवायला पाट, लग्नाला पाट, मग मोटारीनं काय पाप केलं, असा त्यांचा सवाल. मोटारीचा पट्टा मोठ्या माणसाच्या मापानं केलेला असतो. लेकराला तो लावला तर वरनं गळ्यावर येतो आणि खालनं पोटावर. पाटावर बसवलं की तोच पट्टा खांद्यावर आणि मांडीवर बसतो. शास्त्र एवढंच. पण अप्पा ते दिवसातनं चाळीस वेळा सांगतात, आणि प्रत्येक वेळी आत्ताच सुचल्यासारखं सांगतात.

मी व्यंकटेश, त्यांचा शेजारी. भिंतीला भिंत. चादरीच्या कारखान्यात चाळीस वर्षं माग चालवला. शाळा चौथीपर्यंत, तीसुद्धा घरचं तेलुगू बोलायचं का मास्तरचं मराठी हे ठरेपर्यंत संपली. तरी मला कुणी शिकवलेलं आवडत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं काय झालं त्याचा मेळ लागेल.

अप्पा बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. अक्कलकोट, बार्शी, अकलूज, सगळ्या रस्त्यांची धूळ त्यांनी खाल्ली. त्यातलं निम्मं आयुष्य एकाच भांडणात गेलं, लेकराच्या वयाच्या. पाचाच्या आत फुकट, बाराच्या आत अर्धं तिकीट. त्यामुळं एसटीची पायरी चढली की आख्ख्या जिल्ह्यातली लेकरं पाचाच्या आत यायची. वैरागला एकदा एक बाई पोराला कडेवर घेऊन चढली म्हणे. पोराचे पाय तिच्या पोटरीपर्यंत लोंबत होते. अप्पांनी वय विचारलं, बाई म्हणाली चार. अप्पांनी पोरालाच विचारलं, कितवीत हायस रं? पोरगं म्हणालं, पाचवीत. बाई जराही न गडबडता म्हणाली, "हुशार हाय लई."

आणि आता काळ कसा फिरला बघा. त्याच लेकरांची लेकरं मोटारीत बसतात, आणि अप्पांनी पाटाचं नाव काढलं की बाप छाती काढून सांगतो, मोठा झाला की ओ तो आता. अप्पा कपाळाला हात लावतात.

"बत्तीस वर्षं सगळी लेकरं ल्हान व्हती, व्यंकटी. मी रिटायर झालो आन् एका रात्रीत सगळी मोठी झाली बे."

लेकरं मात्र त्यांच्या बाजूची. कारण अप्पांच्या खिशात अजून तिकिटाला भोक पाडायचा तो जुना पंच आहे. जे लेकरू पाटावर नीट बसून प्रवास करून येईल त्याच्या कार्डाला एक भोक. दहा भोकं झाली की शेंगाची पोळी, अप्पांनी स्वतः लाटलेली, एका बाजूनं जाड आणि दुसऱ्या बाजूनं करपलेली. तिच्यासाठी आमच्या वसाहतीतली मोठी पोरं काठीसमोर गुडघे वाकवून उभी राहतात, मान खांद्यात घालतात, एकानं तर श्वास सोडून पोट आत घेतलं. आईबाप लेकराला वर ओढतात, लेकरू खाली बसतं, आणि मधे अप्पा काठी धरून ओरडतात, "सरळ उभा रहा बे, सरकारी मोजणी हाय."

सरकारी कसली. पाट त्यांचेच. पहिले दोन पेन्शनीतनं घेतले, मग ज्यांची लेकरं टेपच्या वर गेली त्यांनी आपले आणून दिले. असे सहा जमले. ज्याला गावाला जायचं त्यानं घेऊन जायचं, आल्यावर परत द्यायचं. देताना अप्पा पाट उलटा करून तपासतात, अपघातात सापडलेला पाट पुन्हा वापरायचा नाही म्हणतात, आणि मग तो बसवायला स्वतः गाडीत शिरतात. तोंड आत, बूड बाहेर. आतनं आवाज येत असतो, एसटीचे थांबे पुकारावेत तसा. "पाठ टेकली का? गुडघा वाकला का? पट्टा मांडीवर का पोटावर? खांद्यावर का गळ्यावर?" लेकरू चुळबुळ करायला लागलं की त्यांची कानडी बाहेर येते, "सुम्न कुंद्रु." म्हणजे गप बस. कानडी न येणारी लेकरंसुद्धा त्या आवाजाला गप बसतात.

त्यांची स्वतःची गाडी म्हणजे वेगळं प्रकरण. बत्तीस वर्षं घंटी ह्यांनी वाजवली आणि गाडी दुसऱ्यानं चालवली. साठीनंतर एक जुनी पांढरी मोटार घेतली आणि चालवायला शिकले. पण घंटी दिल्याशिवाय गाडी हलवायची कशी? पाय क्लचवरनं उठेचना. शिकवणारा पोरगा रडकुंडीला आला. शेवटी अप्पांनी गाडीत आतल्या बाजूनं दोरी बांधली, दोरीला पितळी घंटी लावली. आता स्वतःच हात मागं करून दोरी ओढतात, टिंग टिंग, स्वतःच ऐकतात, स्वतःच गाडी सोडतात. रोज सकाळी साडेसातला दूध आणायला निघतात तेव्हा ती घंटी आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येते. आमची मंडळी त्यावर चहा ठेवते.

त्या गाडीत मागं डाव्या बाजूला एक सातवा पाट होता. लाल रंगाचा, वरचं प्लास्टिकसुद्धा न काढलेला, रिकामाच पट्ट्यानं बांधलेला. तो अप्पा कुणाला देत नसत. कुणी मागितला तर म्हणायचे, ती राखीव हाय. कुणाला राखीव? तर म्हणायचे, चार्टवर नाव हाय. एसटीत आमदारांना सीट राखीव असते, तशी ही असणार म्हणून वसाहतीनं तिला आमदाराची सीट असं नाव पाडलं. आमदार काही आले नाहीत. प्लास्टिकवर धूळ बसायची, अप्पा दर सोमवारी पुसायचे.

आता माझी गोष्ट. माझ्या श्रीनूनं, म्हणजे मुलानं, मोटार घेतली. माझी नात श्रावणी, साडेपाच वर्षांची. अप्पा काठी घेऊन हजर. मापात पोरगी टेपच्या चांगली वीतभर खाली. अप्पा म्हणाले, पाट लागंल. मी म्हणालो, सोलापुरात राहून पाट? आमच्या घरी चादरींना तोटा आहे का? चार चादरी घडी घालून ठेवल्या की हत्तीचं पिल्लू बसेल. आणि ती बसणार कशाला, माझी मांडी आहे.

अप्पा म्हणाले, "चादर पांघरायची चीज हाय बे. ती घसरती."

चाळीस वर्षं माग चालवलेल्या माणसाला त्याच्या दारात उभं राहून चादर घसरते म्हणायचं. मी म्हणालो, दाखवा घसरून.

ते म्हणाले, रविवारी दाखवतो.

रविवारी वसाहतीच्या मागच्या मोकळ्या मैदानात जत्रा भरली. अप्पांनी फक्कीनं रेघ मारून सगळ्यांना लांब उभं केलं. श्रावणीच्या वजनाचं, अठरा किलो ज्वारीचं पोतं आणलं होतं, आणि डोकं म्हणून लाल भोपळा. सूनबाईनं हौसेनं पोत्याला श्रावणीचा जुना फ्रॉक चढवला. आमच्या मंडळीनं भोपळ्याला काजळ घातलं, दृष्ट लागू नये म्हणून गालावर तीट लावली. श्रावणीनं तिचं नाव भोपळाबाई ठेवलं आणि हेडमास्तरणीसारखं तिला बजावलं की खिडकीतनं हात बाहेर काढायचा नाही.

पहिली फेरी माझ्या मांडीवर. मी मागं बसलो, भोपळाबाईला दोन्ही हातांनी कवळ घातली. ह्या हातांनी मागाचे सुतानं भरलेले बीम उचललेत, पोतं काय जाणार? श्रीनूनं गाडी सोडली, सायकल जोरात चालवावी एवढाच वेग, आणि अप्पांनी शिट्टी मारल्यावर करकचून ब्रेक. मी डोळे उघडले तेव्हा माझ्या हातात फ्रॉकची बाही होती. भोपळाबाई पुढच्या सीटच्या पाठीला डोकं लावून उभी होती.

लोक हसले. मी म्हणालो, तयारी नव्हती. अप्पा म्हणाले, ब्रेक काय पत्रिका पाठवून येतो काय.

दुसरी फेरी चादरींवर. चार अस्सल चादरी, मी स्वतः घडी घातल्या, कोपऱ्याला कोपरा. भोपळाबाई वर बसली तेव्हा राणीसारखी दिसत होती, पट्टा बरोबर खांद्यावर. मी अप्पांकडं बघितलं. अप्पा आभाळाकडं बघत होते. शिट्टी वाजली, ब्रेक लागला, आणि चादरी जिभेसारख्या पुढं आल्या. त्यांच्याबरोबर पोतं पट्ट्याखालनं सरकलं, पट्टा पोटावरनं छातीवर, छातीवरनं गळ्याला. भोपळा तिथं अडकला, मग सुटला, दार उघडल्याबरोबर बाहेर पडला आणि घरंगळत थेट रेघेपर्यंत आला. फुटला. बिया सांडल्या. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली.

तिसऱ्या फेरीला नवा भोपळा नव्हता म्हणून बिनडोक्याचं पोतंच पाटावर बसवलं. ब्रेक लागला. पोतं जाग्यावर.

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, ज्वारी गेल्या वर्षीची होती, सुकी, म्हणून घसरली. पोरगी काय सुकी आहे? चादरी काखेत मारल्या आणि घरी आलो. भोपळ्याच्या घारग्या मात्र खाल्ल्या. त्यांचा काही दोष नव्हता.

खरी पंचाईत दोन दिवसांनी झाली. बार्शीला भाचीच्या मुलीचं लग्न, सकाळी नऊला निघायचं. मी गाडीत चादरी रचल्या. श्रावणी दारात उभी राहिली आणि आत चढेना. मी म्हणालो, चल, तुझी मऊ गादी केली आहे. ती म्हणाली, "तात, भोपळाबाई पण ह्याच्यावरच बसली होती ना?"

आमच्यात आजोबांना तात म्हणतात. चिडून म्हणाली असती तर मी चिडलो असतो. ती घाबरली होती. माझ्या चादरीला घाबरली होती.

मी उठून अप्पांच्या दारात गेलो. मागायला नव्हे. ऊन फार पडतंय असं म्हणायला. अप्पा म्हणाले, व्हय, पडतंय. मी म्हणालो, बार्शीला तर ह्याहून जास्त असेल. अप्पा म्हणाले, असंल. त्यांना सगळं कळत होतं, माझ्या तोंडून निघायची वाट बघत होते. बत्तीस वर्षं सुट्ट्या पैशाची वाट बघत उभा राहिलेला माणूस, त्याला घाई कसली.

शेवटी मी जमिनीकडं बघत म्हणालो, "अप्पा, पोरगी चढंना."

त्यांच्या तोंडावर हसू येईल म्हणून मी तयारीत होतो. आलं नाही. ते आत गेले, पाटांचा कोनाडा बघून आले. लग्नसराई. सहाच्या सहा पाट बाहेर गेलेले. अप्पा स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले आणि चौकटीवर हात ठेवून थांबले. मी मागनं गेलो, आणि तेव्हा पहिल्यांदा त्या चौकटीवर शिसपेन्सिलीच्या रेघा बघितल्या. एकावर एक, दहा-बारा. अक्का, म्हणजे त्यांची बायको, गेल्यापासून ह्या घरात अप्पा एकटे. लेकरू तर ह्या घरात कुणीच नाही. मी विचारलं, ह्या कुणाच्या?

"अथर्वच्या," अप्पा म्हणाले. बेंगळूरला मुलगा असतो, त्याचा मुलगा. सून फोनवर उंची सांगते, अप्पा इथं रेघ मारतात. मग त्यांनी तुटक तुटक सांगितलं. पोरगं चार वर्षांचं असताना मुलगा म्हणाला होता, दिवाळीला येतो. स्टेशनवरनं घरी आणायला गाडी हवी म्हणून ही मोटार. म्हणून साठीनंतर शिकणं. लेकराला गाडीत कसं बसवायचं ते दुकानात विचारलं, म्हणून तो लाल पाट. सगळी विद्या तिथनं सुरू झाली.

"मग आले न्हाईत?"

"आले की. दोनदा आले. सोताच्या गाडीनं आले. त्यात त्याचा पाट व्हता." अप्पांनी वरच्या रेघेवरनं बोट फिरवलं. "चांगलंच की. पोरगं पाटावर बसतंय."

सगळ्यात वरची रेघ ताजी होती. शेजारी ती वेळूची काठी टेकून ठेवलेली. रेघ लाल टेपच्या बोटभर वर होती.

अप्पा बाहेर आले, गाडीचं मागचं दार उघडलं, पट्टा सोडला आणि लाल पाट काढला. वरचं प्लास्टिक फाडायला त्यांना वेळ लागला, नखं नीट चालेनात. ते काम मी केलं. मी म्हणालो, अप्पा, राखीव आहे ती.

"गाडी सुटंपर्यंत पाशिंजर आलं न्हाय," अप्पा म्हणाले, "तर सीट उभ्या असल्याला द्यायची. नियम हाय."

मग आमच्या गाडीत तोंड आत, बूड बाहेर. पाठ टेकली का, गुडघा वाकला का. श्रावणी राणीसारखी बसली. तिला सुम्न कुंद्रु म्हणावं लागलं नाही.

वैरागच्या अलीकडं वळणावर शेळ्यांचा कळप आडवा आला. श्रीनूनं ब्रेक मारला. श्रावणी जागच्या जागी राहिली, पट्ट्याकडं खाली बघितलं आणि मला म्हणाली, तात, खांद्यावरच आहे. मी तिच्या शेजारी होतो. पट्टा मी लावला नव्हता. पट्टे लेकरांना. माझं कपाळ पुढच्या सीटच्या पाठीवर आपटलं, आणि बार्शीच्या लग्नातल्या सगळ्या फोटोंत मी लिंबाएवढं टेंगूळ घेऊन वधूवरांना आशीर्वाद देतो आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाट परत द्यायला गेलो. अप्पा गाडी पुसत होते. माझं कपाळ त्यांनी बघितलं. जन्मात एवढी संधी पुन्हा मिळाली नसती, पण माणसानं ती सोडून दिली. पाट हातात घेतला नाही. म्हणाले, पोरगी टेपच्या खाली हाय तवर ऱ्हाऊ दे. खिशातनं पंच काढून श्रावणीच्या कार्डाला भोक पाडून दिलं.

मी गाडीत डोकावलो. मागच्या सीटवर डाव्या बाजूला पाटाचा चौकोनी खड्डा पडलेला, इतक्या वर्षांत तेवढंच कापड नव्यासारखं निळं राहिलेलं. साडेसात व्हायला आले होते. अप्पा पुढं बसले, दोरीकडं हात मागं न्यायला लागले.

मी मागचं दार उघडलं आणि त्या निळ्या चौकोनावर जाऊन बसलो.

अप्पांनी आरशातनं बघितलं. "कुटं चालालास बे?"

"दूध आणायला."

"तुमच्यात दूध घरपोच येतंय."

"आज न्हाय आलं," मी खोटं बोललो.

अप्पांनी आरसा माझ्याकडं वळवला. "पट्टा?"

मी पट्टा ओढला, लावला. हे काम मी आयुष्यात पहिल्यांदा करत होतो, पण तसं दाखवलं नाही.

"खांद्यावर का गळ्यावर?"

"खांद्यावर," मी म्हणालो.

अप्पांचा हात अजून दोरीकडं होता. मी म्हणालो, हात पुढं घ्या, स्टेरिंग धरा. आणि दोरी मी ओढली. टिंग टिंग.